पंधरा पायऱ्यांचं नेटवर्क

इंजिनीअरिंगला गेलेल्या मुलाकडे घरचे कोणत्या नजरेने बघतात, हे ज्याचं त्यालाच ठाऊक! मेकॅनिकलवाल्याने मिक्सर दुरुस्त करायचा, इलेक्ट्रिकलवाल्याने ट्यूब बदलायची, सिव्हिलवाल्याने गच्चीची गळती बघायची. आणि आम्ही कॉम्प्युटरवाले? ज्याला ज्याला बटण आहे ते सगळं आमच्या खात्यात. टीव्हीचा रिमोट, शेजारच्या काकांचा मोबाइल, झालंच तर लाइट बिलाचं ऑनलाइन पेमेंट. त्यातलं एक जरी जमलं नाही, तर ठरलेला डायलॉग, "मग चार वर्षं शिकतोयस काय?"

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत हा डायलॉग मी बाबांच्या तोंडून ऐकला. आणि खरं सांगतो मित्रांनो, तो मला लागला. कारण प्रश्न रिमोटचा नव्हता, बाबांच्या धंद्याचा होता.

आमचं घर बार्शीला. वर राहतं घर, खाली रस्त्याकडेच्या खोलीत बाबांचं डीटीपीचं दुकान. मधे जिना, पायऱ्या मोजून पंधरा. लग्नपत्रिका, वास्तुशांती, वर्षश्राद्ध, शाळेच्या पावत्या, सगळं बाबा तिथेच बसून करतात. त्यांचं मशीन २०११ सालचं, विंडोज ७ वर चालणारं. त्यात जुनं कोरल ड्रॉ आणि जुने मराठी फॉन्ट. युनिकोडच्या आधीचे. त्या फॉन्टमध्ये केलेली पत्रिका दुसऱ्या मशीनवर उघडली की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. म्हणून ते मशीन बदलायचं नाव बाबा काढत नाहीत. "ते आणि मी एकदमच रिटायर होणार," असं म्हणतात.

वरच्या मजल्यावर ताईचा लॅपटॉप. जुना, रिफर्बिश्ड घेतलेला, पण विंडोज ११ प्रो टाकलेला. गिऱ्हाइकांचे मजकूर आणि फोटो हल्ली व्हॉट्सअॅपवर येतात, ते ताई बघते. आता वरचा फोटो खाली कसा जाणार? तर पेनड्राइव्हने. ताई वरून हाक मारणार, बाबा जिना चढणार किंवा आई काम टाकून पेनड्राइव्ह खाली नेऊन देणार. पेनड्राइव्ह विसरला तर ताई तोच फोटो बाबांच्या ईमेलवर पाठवणार. म्हणजे पंधरा पायऱ्या खाली जायला तो फोटो कुठल्या कुठल्या देशातल्या सर्व्हरवरून फिरून येणार! काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्या फोटोसाठीच केलेली असावी.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण सप्टेंबरात घोटाळा झाला. एका पत्रिकेत मुहूर्ताची वेळ बदलली होती. ताईने नवा मजकूर पेनड्राइव्हवर दिला, पण त्यावर त्याच नावाची जुनी फाइलही होती. बाबांनी जुनी उघडली. दोनशे पत्रिका चुकीच्या मुहूर्तासह छापून आल्या. त्या परत छापाव्या लागल्या, अर्थात आमच्या खर्चाने. पैसे गेले त्याचं बाबांना फार वाटलं नाही, पण गिऱ्हाइकासमोर मान खाली घालावी लागली त्याचं वाटलं. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू. पुन्हा असं होऊन चालणार नव्हतं.

म्हणून मी घरी पोचून बॅग ठेवायच्या आतच बाबा म्हणाले, "अरे, वरचं आणि खालचं मशीन एकमेकांना जोडता येतं म्हणे. करून दे बरं तेवढं."

"दहा मिनिटांचं काम आहे बाबा," मी म्हटलं.

ती दहा मिनिटं पुढे आठ दिवस चालली.

पहिला दिवस

मी छाती पुढे काढून खाली बसलो. खालच्या मशीनवर एका फोल्डरवर राइट क्लिक केलं, शेअर केलं, वर गेलो, लॅपटॉपवर 'नेटवर्क' उघडलं. रिकामं. खाली आलो, पुन्हा शेअर केलं, वर गेलो. रिकामं. असं सहा वेळा झालं. पंधरा गुणिले बारा, एकशे ऐंशी पायऱ्या! आई म्हणाली, "जिममध्ये जातोस तसंच झालं की."

यूट्यूबवर एका व्हिडिओत सांगितलं होतं, होमग्रुप करा, दोन क्लिकमध्ये काम. खालच्या मशीनमध्ये होमग्रुप होताही. विंडोज ७ बरोबरच तो २००९ मध्ये आला. पण वरच्या लॅपटॉपमध्ये कुठे सापडेना. सापडणार कसा? विंडोज १० च्या २०१८ च्या १८०३ आवृत्तीतूनच मायक्रोसॉफ्टने तो काढून टाकला. व्हिडिओ त्याच्या आधीचा होता, आणि मी तारीख न बघता तासभर एक नसलेलं बटण शोधत होतो.

रात्री जेवताना बाबांचा तो डायलॉग आला. चिडून नाही, सहजच. "मग चार वर्षं शिकतोयस काय?"

झोप येईना तेव्हा मला आमच्या सीएनच्या मॅडम आठवल्या. ओएसआयचे सात लेयर त्यांनी आम्हाला इतके घोकून घेतलेत की झोपेत विचारले तरी सांगू. पण त्यांचं एक वाक्य मी कधी मनावर घेतलं नव्हतं, "नेटवर्क बिघडलं की खालून वर चढत जा. वायरपासून सुरू करा, सॉफ्टवेअरपासून नाही." परीक्षेत हे वाक्य येत नाही, म्हणून वहीतही नव्हतं.

दुसरा दिवस

सकाळी वही घेतली आणि खालून सुरुवात केली. वायर? ठीक, दिवे लुकलुकतायत. मग दोन्ही मशीनवर आयपीकॉन्फिग. खालच्याचा पत्ता १९२.१६८.०.५. वरच्याचा १९२.१६८.१.७.

मी दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि बघतच राहिलो. तिसरा आकडा वेगळा! एका घरात राहणारी दोन मशीन दोन वेगळ्या गल्ल्यांत राहत होती.

कारण मग उलगडलं. फायबरवाल्याने दिलेला राउटर खाली. वर रेंज येत नाही म्हणून ताईने आमचा जुना राउटर वर बसवला होता आणि खालून आलेली केबल त्याच्या 'वॅन' लिहिलेल्या भोकात लावली होती. इंटरनेट दोन्हीकडे झकास चालायचं, त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. पण वॅनमध्ये केबल लावली की तो राउटर स्वतःचं वेगळं घर मांडतो. आपल्या माणसांना आपणच पत्ते वाटतो आणि बाहेरच्याला आत डोकावू देत नाही. खालच्या मशीनला वरचा लॅपटॉप दिसायचा काही प्रश्नच नव्हता.

उपाय सोपा. वरच्या राउटरचा स्वतःचा पत्ता खालच्याच गल्लीतला, पण कुणाशी न भांडणारा दिला. त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद केलं. घरात पत्ते वाटणारा एकच असावा, नाहीतर भांडणं होतात. आणि केबल वॅनमधून काढून लॅनच्या भोकात लावली. पुन्हा आयपीकॉन्फिग केलं. वरच्याचा पत्ता आता १९२.१६८.०.९. एक गल्ली झाली!

पिंग केलं. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट.'

पुढची पायरी. खालच्या मशीनने घरच्या नेटवर्कला 'पब्लिक' समजून ठेवलं होतं. विंडोज नवं नेटवर्क दिसलं की विचारतं ना, हे घर आहे, ऑफिस आहे की सार्वजनिक जागा? कुणीतरी कधीतरी घाईत 'पब्लिक' दाबलेलं. मग मशीनच्या दृष्टीने आपलं दुकान म्हणजे एसटी स्टँड, आणि स्टँडवर अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. फायरवॉल पिंगलाही उत्तर देईना. ते बदलून 'होम' केलं, वरच्या लॅपटॉपवर 'प्रायव्हेट' केलं, दोन्हीकडे फाइल शेअरिंग चालू केलं. पुन्हा पिंग. चार पाकिटं गेली, चारही परत आली.

मित्रांनो, पास झाल्याचा निकाल बघताना जेवढा आनंद झाला नव्हता तेवढा त्या चार ओळी बघून झाला.

मग लॅपटॉपवर दोन उलट्या तिरक्या रेघा मारून खालच्या मशीनचा पत्ता टाकला. खिडकी उघडली! पण तिने विचारलं, युजरनेम आणि पासवर्ड. बाबांच्या मशीनला पासवर्डच नाही. युजरनेम टाकलं, पासवर्ड रिकामा सोडला. नाही म्हणे. लॅपटॉपचा पिन टाकून बघितला. तोही नाही. तो तर त्या लॅपटॉपपुरताच असतो, खालच्या मशीनला त्याचं काय? पंधरा वेळा प्रयत्न केले, पंधरा वेळा नाही.

इथे माझा पेशन्स संपला. आणि इथेच मी चुकलो.

सगळे दरवाजे उघडे

खालून एकेक पायरी चढत इथवर आलो होतो. अजून एक पायरी होती. पण संध्याकाळ झाली होती, बाबा दोनदा डोकावून गेले होते, आणि मला आता फक्त ते चालायला हवं होतं. यूट्यूबवर जे जे दिसलं ते सगळं एका दमात केलं. फायरवॉल बंद. 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद. लॅपटॉपवर पासवर्डशिवाय, म्हणजे गेस्ट म्हणून, आत शिरायची परवानगी. सायनिंगची सक्ती बंद. जुना एसएमबी १ चालू. आणि खालची अख्खी डी ड्राइव्ह शेअर करून 'एव्हरीवन' ला 'फुल कंट्रोल'. एनटीएफएसच्या परवानग्यांतही तेच.

आणि चाललं! कशामुळे चाललं ते मला माहीत नव्हतं. सहा गोष्टी एकदम बदलल्यावर कोणत्या एकीने काम झालं ते देवालाच माहीत. पण बाबा खूश झाले. ताईने वरून पत्रिकेचा फोटो टाकला, खाली दोन सेकंदांत दिसला. आईने त्या आनंदात शेव-चिवड्याची ताटली आणून दिली. मी हॉस्टेलच्या ग्रुपवर फोटोही टाकला, 'नेटवर्क इंजिनीअर'.

आता ताटली हातात, नेटवर्क चालू, आणि रिकामा वेळ. मला खुमखुमी आली. बाबांची डी ड्राइव्ह लाल झाली होती, जागाच उरली नव्हती. म्हटलं, घरगुती फोटो, व्हिडिओ, रेकॉर्डिंग सगळं वर लॅपटॉपवर हलवू, दुकानाचं मशीन हलकं होईल. वर बसूनच कॉपी लावली. मधेच लाइट गेली. खालच्या मशीनला यूपीएस, लॅपटॉपला बॅटरी, पण राउटर बंद पडला. दोन मिनिटांत लाइट आली, तोवर स्क्रीनवर एरर. 'ट्राय अगेन', 'स्किप', 'कॅन्सल'. मी 'सगळ्यांसाठी हेच' वर टिक केली आणि 'स्किप' दाबलं. कॉपी पुढे सुरू झाली, पूर्ण झाली. मग खालचे मूळ फोल्डर वरूनच निवडले आणि डिलीट केले. विंडोजने एक प्रश्न विचारला. मी न वाचता 'यस' केलं.

भाऊबीज

भाऊबीजेला आत्या आली. ओवाळून झालं, जेवणं झाली, आणि आत्या बाबांना म्हणाली, "आईची ती गिरणीची ओवी लाव की रे. बरेच दिवस झाले ऐकून."

आमची आजी २०१६ मध्ये गेली. २०१४ च्या उन्हाळ्यात बाबांनी तिच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या होत्या. घरात मिक्सर येऊन जमाना झाला होता, पण आजीला ओव्या सगळ्या पाठ. जातं नसताना ओवी सुचत नाही म्हणून ती हाताने नुसता खुंटा फिरवल्यासारखं करायची आणि म्हणायची. एकूण तेवीस रेकॉर्डिंग. बाबांनी त्यांना नंबर घालून 'आई' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेली.

मी ऐटीत लॅपटॉप आणला. फोल्डर उघडला. सोळा फाइल्स.

मोजून पाहिल्या. सोळाच. सात नव्हत्या. गिरणीची ओवी त्या सातांत.

धावत खाली गेलो. तिथला फोल्डर तर मीच उडवला होता. रिसायकल बिन उघडली, रिकामी. तेव्हा मला कळलं की शेअर केलेल्या फोल्डरमधून, नेटवर्कवरून, डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जातच नाही. ती थेट जाते. विंडोजने विचारलेला प्रश्न तोच होता, 'कायमचं डिलीट करायचं का?' रोजच्या सवयीने मी तो वाचलाच नव्हता. आणि सगळ्यांना सगळी परवानगी मीच दिली होती, त्यामुळे मला अडवणारं कुणी नव्हतं.

वर येऊन सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. आत्या काही बोलली नाही. बाबा थोडा वेळ पंख्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "बरं. उद्या बघू." रागावले असते तर बरं झालं असतं.

दोन दिवस मशीन बंद

एक गोष्ट मात्र मला माहीत होती, आणि ती मी त्याच रात्री केली. खालचं मशीन बंद करून टाकलं. कारण साध्या हार्डडिस्कवरची फाइल डिलीट होते म्हणजे लगेच पुसली जात नाही. रजिस्टरमधली तिची नोंद खोडली जाते आणि तिची जागा 'रिकामी' म्हणून जाहीर होते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर मूळ माल तिथेच पडून असतो. मशीन चालू ठेवलं तर विंडोज स्वतःच काहीबाही लिहीत राहतं. एसएसडी असती तर एवढीही आशा नव्हती. तिथे 'ट्रिम' नावाची सोय मोकळ्या झालेल्या जागा स्वतःहून साफ करून टाकते. बाबांचं मशीन जुनं होतं, हेच आमचं नशीब.

पण मशीन बंद म्हणजे दुकान बंद. तुळशीच्या लग्नाआधीचे दिवस, चार पत्रिका अर्धवट. बाबांनी एकेका गिऱ्हाइकाला फोन करून दोन दिवस मागून घेतले. सप्टेंबरात ज्यांच्यापुढे मान खाली घातली होती, त्यांच्याच भाच्याची एक पत्रिका त्यात होती. मी शेजारी बसून ते फोन ऐकत होतो.

गावातल्या एका रिपेअरवाल्याकडून साटा-टू-यूएसबी केबल आणली. हार्डडिस्क काढून लॅपटॉपला लावली आणि फोटोरेक नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम चालवला. तो नोंदी बघत नाही. डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचून 'हा तुकडा आवाजाच्या फाइलसारखा दिसतो, हा फोटोसारखा' असं ओळखून बाहेर काढतो. नियम एकच, सापडलेला माल त्याच डिस्कवर ठेवायचा नाही, नाहीतर आपणच आपल्या हाताने उरलेल्यावर माती टाकतो. रात्रभर ते चाललं. सकाळी हजारो फाइल्स निघाल्या. आणि एकीलाही मूळ नाव नाही, सगळ्यांना नुसते आकडे.

कोणती आजीची, कोणती गाण्याची, कोणती कुणाच्या वाढदिवसाची, हे ऐकूनच ठरवायचं होतं. आवाजाच्या फाइल्स मी वेगळ्या काढल्या आणि बाबा हेडफोन लावून बसले. मी आजीला आवाजावरून ओळखू शकत होतो, पण कोणती ओवी कितव्या नंबरची, हे त्यांनाच माहीत. दोन दिवस दुकान बंद होतं, आणि ते दोन्ही दिवस बाबा आपल्या आईला ऐकत होते. मधेच हसायचे. एकदा हेडफोन काढून म्हणाले, "हे बघ, इथे तू ओरडतोयस मागून. सायकल मागतोयस." माझा लहानपणीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

सातांपैकी पाच पूर्ण मिळाल्या. गिरणीची ओवी अर्धी मिळाली, मधेच तुटते. तिचे तुकडे डिस्कवर लांब लांब ठेवलेले असावेत आणि पुढच्या तुकड्यावर काहीतरी लिहिलं गेलं असावं. आणि एकोणीस नंबरचं रेकॉर्डिंग मिळालंच नाही. त्यात काय होतं, ते बाबांनाही आठवत नाही. ते मी घालवलं. ते कुठल्याही प्रोग्रामने परत येणार नाही.

अर्धी राहिलेली ओवी आत्याने फोनवरून म्हणून दाखवली. तिला पाठ होती. बाबांनी ती रेकॉर्ड करून त्याच फोल्डरमध्ये ठेवली.

पुन्हा खालून वर

डिस्क परत बसवल्यावर मी सगळं मोडून पहिल्यापासून केलं. आता एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत. तेव्हा कळलं की मी केलेल्या सहांपैकी एकाचीही गरज नव्हती.

एसएमबी म्हणजे विंडोजची मशीनं फाइल शेअर करताना जी भाषा बोलतात ती. मूळ आयबीएममध्ये १९८० च्या दशकात बॅरी फायगनबाउम यांनी रचलेली. तिची पहिली आवृत्ती, एसएमबी १, लागते ती एक्सपीसारख्या जुन्या मशीनला. विंडोज ७ ला दुसरी आवृत्ती येते, त्यामुळे मी चालू केलेली पहिली आमच्या काही उपयोगाची नव्हती. धोक्याची मात्र होती. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय त्याच एसएमबी १ मधल्या भोकातून शिरला होता. त्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, पण ज्यांनी टाकला नाही ते सापडले. त्याच वर्षाच्या शेवटापासून नव्या विंडोज १० मध्ये एसएमबी १ मुळात बसवलेलाच नसतो.

पासवर्डचं कोडंही सुटलं. ज्या खात्याला पासवर्ड नाही, त्या खात्याने नेटवर्कवरून आत यायचं नाही, फक्त मशीनसमोर बसूनच वापरायचं, असा विंडोजचा नियमच आहे. आणि गेस्ट म्हणून जायचं तर विंडोज ११ प्रोची २०२४ मध्ये आलेली २४एच२ आवृत्ती ते मुळातच नाकारते. शिवाय ती प्रत्येक पाकिटावर सही, म्हणजे सायनिंग, मागते, आणि गेस्टला सही करता येत नाही. ही सगळी अडवणूक नव्हती, दारावरची कडी होती. मी उगीच कोयंडा उपटून काढला होता.

खरा उपाय दहा मिनिटांचाच निघाला. खालच्या मशीनवर 'दुकान' नावाचं एक वेगळं खातं, त्याला पासवर्ड. तो पासवर्ड वरच्या लॅपटॉपच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठवला, म्हणजे रोज विचारायला नको. फायरवॉल परत चालू, एसएमबी १ बंद, सायनिंग चालू. खालच्या मशीनला कायमचा एकच पत्ता, म्हणजे राउटर बंद-चालू झाला तरी गल्ली-नंबर बदलणार नाही. विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला संपले आहेत, तेव्हा ते इंटरनेटवर ठेवणं बरं नव्हे. म्हणून त्याचा पत्ता हाताने टाकताना गेटवेचा रकाना रिकामा सोडला. ते घरातल्या घरात बोलतं, बाहेर जायचा रस्ता त्याला माहीतच नाही. बाहेरचं सगळं लॅपटॉपवरून.

आणि शेअर काय करायचं? अख्खी डी ड्राइव्ह नाही. मी बाबांना विचारलं, "तुम्हाला नेमकं काय काय इकडून तिकडे लागतं?" पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न मी आठव्या दिवशी विचारला! बाबा तरुणपणी काही वर्षं एका पतसंस्थेत क्लार्क होते. ते लगेच म्हणाले, "दोन रजिस्टरं ठेव. आवक आणि जावक."

बस, तेच केलं. 'आवक' फोल्डरमध्ये ताई वरून मजकूर आणि फोटो टाकणार. 'जावक' मध्ये बाबा तयार पत्रिका ठेवणार, ती ताईला बघता येते, गिऱ्हाइकाला पाठवता येते, पण बदलता किंवा पुसता येत नाही. शेअरच्या परवानग्या आणि फोल्डरच्या एनटीएफएस परवानग्या या दोन चाळण्या आहेत, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतून जावं लागतं. जी जास्त कडक ती खरी. जावकला दोन्हीकडे फक्त वाचायची परवानगी. आणि आवकमध्ये आलेल्या मजकुराच्या नावात तारीख, म्हणजे मुहूर्ताचा घोळ पुन्हा नको. ही कल्पना ताईची.

आजीचा 'आई' फोल्डर कुठेही शेअर नाही. त्याची एक प्रत खाली, एक लॅपटॉपवर, एक आत्याच्या घरी पेनड्राइव्हवर. शेअरिंग म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी आता कुणालाही सांगू शकतो. फार महागात शिकलोय. कॉपी झाली की फाइल्सची संख्या मोजायची, मगच मूळ पुसायचं, हेही.

परत निघताना बाबा स्टँडवर सोडायला आले. म्हणाले, "चार वर्षं काय शिकतोयस ते कळलं थोडं." मी म्हटलं, "मलाही आत्ताच कळतंय बाबा." खरंच सांगतो, सात लेयर मला पाठ होते. पण जिन्यावर एक पायरी गाळून उडी मारली की पाय कुठे पडेल, ते पुस्तकात नव्हतं.

तुळशीचं लग्न झालं, सराई सुरू झाली. ताईला परवा फोन केला तेव्हा मागे बाबांच्या मशीनच्या प्रिंटरचा आवाज येत होता. विचारलं, "नेटवर्क चालतंय ना?"

"चालतंय की," ताई म्हणाली. आणि फोन तोंडाजवळच ठेवून जिन्यातून खाली ओरडली, "बाबाऽऽ, आवक बघा, नवीन आलंय!"